धाकटीची गादी

घरच्याच हॉस्पिटलात राजीनामा द्यायचा तर तो कुणाच्या हातात द्यायचा, या प्रश्नाने धाकटीला आठवडाभर छळलं. बाबांच्या हातात द्यावा तर ते चष्मा कपाळावर चढवून वाचतील आणि त्यातली एखादी ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवून परत करतील. दादाला द्यावा तर तो न वाचताच ॲप्रनच्या खिशात कोंबेल आणि तो ॲप्रन धुवायला जाईल. शेवटी शनिवारी संध्याकाळी तिने पाकीट वहिनीच्या टेबलावर ठेवलं. हॉस्पिटलचं ऑफिस वहिनी सांभाळायची. वहिनीने पाकीट फोडलं, कागद दोनदा वाचला, त्यावर ‘आवक’चा शिक्का मारला, क्रमांक घातला आणि फाईलला लावून टाकला.

"उद्या सगळे वर जमणारच आहेत," ती म्हणाली. "तूच सांग त्यांना. आणि मी तुझ्या बाजूने आहे असं धरून चालू नकोस."

धाकटी बावचळली. तिच्या मनातल्या हिशेबात वहिनी ही पहिली आपली माणूस होती. बाबा गरम होतील, दादा बोलणं टाकेल, आत्या रडेल, आणि वहिनी सगळ्यांना समजावेल, अशी तिची साधारण मांडणी होती. रविवारी दुपारपर्यंत त्या मांडणीतलं एकही माणूस ठरल्या जागी उरलं नाही.

आजोबांनी दोन खोल्यांत दवाखाना थाटला होता. बाबांनी त्याच्या बावीस खाटा केल्या आणि वर राहायला मजला चढवला. दादा शिकून आला तेव्हापासून बापलेक दोघेही ऑपरेशन करायचे. आणि दोघांच्याही ऑपरेशनांना, रोग्याच्या उशाशी बसून भूल द्यायला, धाकटी. एकोणीस वर्षं. आता ती पंचेचाळिशीला टेकली होती, कानाजवळचे केस पांढरे झाले होते, तरी घरात ती धाकटीच, आणि खाली नर्सांच्या तोंडी ‘धाकट्या मॅडम’. भूल देणाऱ्या डॉक्टरचं एक असतं. रोगी तिला झोपताना पाहतो आणि उठल्यावर विसरतो. मिठाईचे पुडे दादाला यायचे. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. निदान तिला तसं वाटायचं.

रविवारी सकाळी वरच्या जेवणाच्या टेबलावर नव्या ऑपरेशन थिएटरचा नकाशा पसरला होता. तो सारखा गुंडाळला जात होता, म्हणून एका कोपऱ्यावर साखरेचा डबा, एकावर बाबांचं रक्तदाबाचं यंत्र, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांवर दादाची कोपरं. आत्या खिडकीपाशी बसली होती. ती बाबांची लहान बहीण, तीस वर्षं याच हॉस्पिटलची मेट्रन. निवृत्त झाली तरी दर रविवारी यायची, आणि जिना चढायच्या आधी खालच्या वॉर्डात चक्कर मारून कुणाची चादर नीट खोचलेली नाही ते बघून यायची. वहिनी चहा ओतत होती. धाकटीचा नवरा शाळेच्या मुलांना घेऊन दोन दिवसांच्या सहलीला गेला होता. तो असता तरी फरक पडला नसता. गेले सहा महिने त्याचं एकच उत्तर होतं, तुला वाटतं ते कर. त्या उत्तराला धाकटी विटली होती, कारण आपल्याला काय वाटतं हेच तिला कळत नव्हतं.

बाबांनी पेन्सिलीचं टोक नकाशावर ठेवलं आणि विचारलं, "तुझं यंत्र कुठे हवं? टेबलाच्या डावीकडे की उजवीकडे?"

"ते माझ्या जागी जो येईल त्याला विचारा, बाबा," धाकटी म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा आला. "पुढच्या महिन्यापासून मी नसेन. काल वहिनीकडे पत्र दिलंय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग नकाशाकडे पाहिलं.

"उजवीकडे ठेवू," ते म्हणाले. "डावीकडे दाराची झुळूक लागते." आणि त्यांनी तिथे एक छोटा चौकोन काढला.

झालं. एवढंच. आठवडाभर ज्या स्फोटासाठी तिने कानांत बोटं घालून ठेवली होती, तो झालाच नाही. पुढचा अर्धा तास बाबा हात धुण्याचं बेसिन, दिव्याची उंची आणि प्लगची जागा यांबद्दल बोलत राहिले. ऐकू आलं की नाही, असं तिला विचारावंसं वाटलं, पण त्यांचे कान तिच्यापेक्षा तीक्ष्ण होते, हे तिला माहीत होतं.

विषय काढला तो आत्याने. सोडून करणार काय, एवढंच तिने विचारलं. धाकटीने सांगितलं, गाद्या. लाकडाच्या वखारींच्या मागे एक गाळा घेतलाय. गादीवाल्याशी भागी केलीय. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी, माणूस बघून, माप घेऊन गाद्या बनवायच्या.

"म्हणजे तीन पिढ्यांची गादी चालवायची सोडून तू गाद्या शिवणार," दादा म्हणाला. कुणी हसलं नाही. आत्याने मात्र पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलले.

गादीचं हे प्रकरण सुरू झालं होतं आईच्या आजारात. आई चौदा महिने पडून होती. डॉक्टरांच्या घरात, खाली बावीस खाटा आणि नर्सा असताना, तिसऱ्याच महिन्यात आईच्या पाठीला जखमा झाल्या. बाजारातल्या हवेच्या गाद्या आणल्या. त्या रात्रंदिवस भुंग्यासारख्या घोंघावायच्या, आणि आई म्हणायची, माझ्याखाली कुणीतरी श्वास घेतंय. मग धाकटी एका गादीवाल्याकडे गेली. हा म्हातारा जुन्या गाद्या उसवून, कापूस पिंजून नव्या करून द्यायचा. दोघांनी मिळून खाली काथ्या, मध्ये कापूस, वर फोमचे वेगवेगळे कापलेले चौकोन अशी एक गादी जमवली. दर चौकोनाचा नरमपणा वेगळा, टाचेखाली वेगळा, कमरेखाली वेगळा. पहिल्या दोन फसल्या. तिसऱ्या गादीवर सहा आठवड्यांत जखमा भरल्या. पुढे आई गेली ती हृदयाने. पाठ तिची शेवटपर्यंत स्वच्छ होती. शेवटची अंघोळ घालताना धाकटीने ती पाठ पाहिली होती, आणि आई गेल्याच्या दुःखात तिला एक विचित्र, लाज वाटावी असा आनंद झाला होता.

मग खालच्या वॉर्डातल्या रोग्यांचे नातेवाईक विचारू लागले. अकरा गाद्या झाल्या. दुपारी थिएटर आटोपलं की ती गादीवाल्याकडे जायची. तिथे बसून दाभणाने टाके घालताना तीन-तीन तास कसे जायचे, तिला कळायचं नाही. एकदा तिथून परतताना तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय. ती रस्त्यातच थांबली होती.

दादाने नकाशावरची कोपरं उचलली. नकाशा सरकन गुंडाळला गेला.

"हे बघ," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. तो आवाज धाकटीच्या ओळखीचा होता. रोग्याच्या बायकोशी बोलताना तो असा बोलायचा. "तू का चाललीस ते मला माहीत आहे. मी काही बोललो नाही इतके दिवस. त्या मुलीच्या वेळी तू घाबरलीस. कुणीही घाबरलं असतं. मी चार महिन्यांपूर्वीच एका भूलतज्ज्ञाशी बोलून ठेवलंय. तो यायला तयार आहे. तू थोडे दिवस विश्रांती घे. गाद्या बिद्या कर. बरं वाटलं की परत ये."

धाकटीचे कान तापले. त्या मुलीबद्दल ती आजवर कुणाशी बोलली नव्हती. सात महिन्यांपूर्वी, साधं पित्ताशयाचं ऑपरेशन, बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. भूल दिल्यावर श्वासाची नळी घशात उतरेना. एकदा नाही, दोनदा नाही. रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राचा सूर खाली खाली येत गेला, मुलीचे ओठ निळे पडले. तिसऱ्यांदा नळी गेली. तिसऱ्या दिवशी मुलगी हसत घरी गेली, तिला काही कळलंही नाही. त्यानंतर धाकटीचा उजवा हात नळी घेताना थरथरायचा. इतकं बारीक की नर्सलाही दिसू नये. पण पडद्यापलीकडून दादाला ते दिसलं होतं.

म्हणजे दादा चार महिने तिची जागा भरत होता, आणि तिला वाटत होतं आपण त्याला खड्ड्यात टाकून चाललोय. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला राग आला, आणि त्या रागाच्या भरात क्षणभर वाटलं, जातच नाही, बघू कोण येतो माझ्या जागेवर.

"मी घाबरून चालले नाही," ती म्हणाली. बोलताबोलताच तिला शंका आली की हे खोटं आहे. पुढच्याच क्षणी वाटलं, खोटंही नाही.

तेव्हा वहिनीने किटली खाली ठेवली. तिला ना थिएटरचं पडलं होतं, ना गाद्यांचं. तिची मुलगी, म्हणजे धाकटीची भाची, डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. पुढे तिला लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं, तेही दुसऱ्या शहरात. वहिनी शांतपणे सांगत गेली. बाहेरचा भूलतज्ज्ञ वर्षभर टिकेल, दोन वर्षं टिकेल. मग एका रविवारी याच टेबलावर कुणीतरी म्हणेल, घरात एवढी मुलगी डॉक्टर आहे, तिनेच भूल शिकली तर काय बिघडलं. ते कोण म्हणेल हे मात्र वहिनीने सांगितलं नाही. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा पेन्सिलीला टोक करत होते.

"तू होतीस म्हणून ती मोकळी होती," वहिनी म्हणाली. "तू सुटलीस की माझी पोर अडकली. मी काल शिक्का मारला ते कागदपत्र म्हणून. मला ते मान्य आहे असं नाही."

हे धाकटीच्या ध्यानातच आलं नव्हतं. भाचीवर तिचा जीव होता. आपण एकोणीस वर्षं एका दारात उभ्या आहोत आणि आपल्या मागे कुणीतरी सुखाने खेळतंय, हे कुणी आधी सांगितलं असतं तर? तर काय केलं असतं, तेही तिला सांगता येईना.

जी रडेल असं वाटलं होतं ती आत्या उठून तिच्याजवळ येऊन बसली. तिने सांगितलं, मी तीस वर्षं थिएटरचं दार उघडलं आणि मिटलं. या पोरीला तिथे चुकताना पाहिलं नाही, पण खुशीतही पाहिलं नाही. खुशीत पाहिलं ते वहिनी अंथरुणाला खिळलेली असताना, या पोरीच्या केसांत कापूस होता तेव्हा. आत्या आपल्या भावजयीला, म्हणजे धाकटीच्या आईला, वहिनीच म्हणायची.

दादा उसळला. म्हणाला, आई मरत होती तेव्हा ही खुशीत होती, असं म्हणायचंय का तुला? आत्या म्हणाली, हो, तसंच म्हणायचंय, त्यात भांडण्यासारखं काय आहे? मग दोघंही एकदम बोलू लागली. वहिनी दादाच्या बाजूने बोलली, मग दादा चार महिन्यांपूर्वी तिला न विचारता बाहेरच्या माणसाशी बोलला हे तिच्या लक्षात आलं, आणि ती दादावरच उलटली. पाच मिनिटांत धाकटीचा विषय बाजूला राहिला आणि नवरा-बायकोत जुंपली. मध्येच बाबांनी, प्लग जमिनीपासून किती उंचीवर हवेत, असं विचारलं.

तेवढ्यात खालून फोन आला. घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस आला होता. हर्नियात आतडं अडकलेलं, पोट फुगलेलं, दोन तासांत ऑपरेशन नाही केलं तर आतडं सडणार. नर्सने शेवटी हळूच सांगितलं, की रविवार असल्याने तो भरपेट जेवून आलाय, आणि मान जाडजूड, आखूड आहे.

दादाने धाकटीकडे पाहिलं. "त्या दुसऱ्याला बोलावू?" त्याने विचारलं. "तासाभरात येईल तो."

"तासभर कशाला?" ती म्हणाली आणि चपला घालून जिना उतरू लागली.

भरल्या पोटी भूल देणं म्हणजे पोटातलं घशात आणि घशातलं फुप्फुसात जाण्याचा धोका. नळी झटपट आणि पहिल्याच वेळी जायला हवी, आणि आखूड मानेत तेच अवघड. घड्याळजी टेबलावर घामाने निथळत पडला होता. धाकटीने त्याच्या उशाशी स्टूल ओढलं, त्याची जीभ बाहेर काढायला लावली, जबडा चाचपला, मान मागे किती जाते ते पाहिलं. फार जात नव्हती.

"मला जाग येईल ना, मॅडम?" त्याने विचारलं.

"येईल. मीच उठवणार आहे."

हे ती प्रत्येकाला म्हणायची. आज बोलताना तिला जाणवलं, की महिन्याभरानंतर हे वाक्य आपल्याजवळ नसेल.

पोटातलं वर येऊ नये म्हणून नर्सने त्याच्या गळ्यावर दोन बोटं दाबून धरली. औषध गेलं. डोळे मिटले. धाकटीने हात पुढे केला आणि हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता. जबडा उचलला, दिव्याच्या उजेडात श्वासनलिकेची ती छोटी काळी फट दिसली न दिसली, आणि नळी सरळ आत गेली. पहिल्याच वेळी. यंत्र नीट टिकटिकू लागलं. पडद्यापलीकडे दादाने सोडलेला श्वास तिला ऐकू आला.

पुढचा सव्वा तास तिला कळला नाही. आतडं वाचलं. घड्याळजी डोळे उघडून पहिल्यांदा काय म्हणाला, तर किती वाजले? सगळे हसले. धाकटीही हसली. हातमोजे काढताना तिच्या लक्षात आलं, की आपल्याला छान वाटतंय. आणि तिथेच तिचा सगळा गुंता आणखी वाढला. हात थरथरत असता तर जायला एक कारण होतं. आता तेही गेलं.

दादा हात धूत होता. पाठ तिच्याकडे होती.

"बघितलंस? काही झालेलं नाही तुला," तो म्हणाला. "पत्र परत घे. तुझ्या वहिनीला सांगतो मी."

"नाही."

"का नाही?"

"जमतं म्हणून इथे राहायचं का?"

"लोक त्यासाठीच राहतात," दादा म्हणाला. "तुला हे आवडत नाही का?"

"आजचं आवडलं."

"मग?"

"मला माहीत नाही, दादा. खरंच माहीत नाही. मी गाळ्यावर असते तेव्हा मला इथली आठवण येत नाही. इथे असते तेव्हा तिथली येते. एवढंच मला सांगता येतं."

नळ वाहत होता. दादाने तो बंद केला नाही. कोपरापर्यंत फेस तसाच ठेवून तो उभा राहिला, आणि भिंतीकडे बघत बोलला.

"तो नवा माणूस चांगला आहे. माझ्याहून तरुण आहे. पण मी त्याच्याशी काय बोलणार? एकोणीस वर्षं मी ऑपरेशन करतोय आणि पडद्यापलीकडून तू बोलतेस. बाबा रागावले तर बाबांना उत्तर तू देतेस. मी फक्त हात चालवतो." त्याने मान हलवली. "मी चार महिने म्हणत होतो, ती घाबरलीय, तिला जाऊ द्यावं. जाऊ द्यावं म्हणजे काय, ते आज वर टेबलावर कळलं."

धाकटीने पुढे होऊन नळ बंद केला. लहानपणी दादा रडायला लागला की ती त्याला चिमटा काढायची, म्हणजे तो चिडायचा आणि रडणं विसरायचा. आता ते वय नव्हतं. गाळा फार लांब नाही, एवढंच ती म्हणाली. ते दोघांनाही फार अपुरं वाटलं.

ती वर आली तेव्हा टेबलावर नकाशा नव्हता. आत्या जेवून लवंडली होती. वहिनी मुलीशी फोनवर बोलत होती, आणि धाकटीला पाहून तिने खोलीचं दार लोटून घेतलं. बाबा आईच्या खोलीत होते. आई जाऊन वर्ष झालं तरी पलंग तसाच होता, त्यावर तीच गादी, वर धुतलेली चादर. बाबा पलंगाजवळच्या खुर्चीत बसले होते.

घड्याळजी कसा आहे, त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. नळी कितव्या वेळी गेली, तेही विचारलं. पहिल्या, ती म्हणाली. त्यांनी मान डोलावली. ती निघणार तेवढ्यात ते म्हणाले,

"ही गादी तुझ्या आईला टोचायची."

धाकटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"डाव्या कुशीवर वळली की, बरगडीखाली. तुला सांगू नको म्हणाली होती. एवढं खपून बनवलीय पोरीने, म्हणाली. मी तिथे टॉवेलची घडी घालायचो. तू वर यायच्या आत काढून ठेवायचो."

"रोज?"

"रोज."

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. तिला वाटलं, कुणीतरी आपल्या पायांखालची जमीन उचलून नुसती इंचभर बाजूला ठेवली आहे. अकरा गाद्या, गाळा, गादीवाल्याबरोबरची भागी, वहिनीची फाईल, सगळं या एका गादीवर उभं होतं.

"मग जखमा भरल्या त्या गादीने की टॉवेलने?"

"सांगता येणार नाही," बाबा म्हणाले. डॉक्टरच्या आवाजात, जसे ते रोग्यांना सांगायचे. "दोन्ही एकदम चालू होतं."

"हे आज का सांगताय? मी जाऊ नये म्हणून?"

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. त्यांना उत्तर टाळायची सवय नव्हती. ते शोधत होते.

"सकाळपासून मीही तोच विचार करतोय," ते म्हणाले. "तुला अडवायला सांगावं की नको. मग सांगायचं नाही असं ठरवलं. मग तुम्ही खाली गेलात, आणि मी इथे येऊन बसलो. वाटलं, ती अजून शंभर गाद्या करेल. दुसऱ्या कुणाच्या आईला टोचायला नको."

तिला राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. आईवर काढावा तर आई नव्हती. तिला आठवलं, आई प्रत्येक वेळी म्हणायची, छान आहे गं, ढगावर झोपल्यासारखं वाटतं. आणि तिने ते खरं मानलं होतं. हाताने दाबून, मुठीने दाबून, वजनं ठेवून तिने ही गादी तपासली होती. स्वतः तिच्यावर कधी झोपून पाहिली नव्हती.

तिने चादर काढली. खिडकीकडे तोंड करून डाव्या कुशीवर ती गादीवर आडवी झाली. दुपारचं ऊन पडद्यातून भिंतीवर आलं होतं. खाली वॉर्डात कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं. ती बराच वेळ पडून राहिली. काहीच टोचेना. गादी सुरेख होती. खांदा आत गेला होता, कंबर अलगद उचलली गेली होती. बाबांनी हे आताच रचलं असेल का, असा विचार तिच्या मनात आला. ते आयुष्यात कधी खोटं बोलल्याचं तिला माहीत नव्हतं. पण त्यांनी महिनोन्महिने टॉवेल लपवला, हेही तिला माहीत नव्हतं.

"काही लागत नाही मला," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"जरा खाली सरक," बाबा म्हणाले. "ती तुझ्याहून बुटकी होती."

ती वीतभर खाली सरकली.

तिथे होतं. बरगडीच्या खाली, सुपारीएवढं. दोन चौकोन जिथे एकमेकांना जोडले होते, तिथे दोरा संपल्यावर तिनेच दुहेरी गाठ मारली होती आणि कापसात दडपली होती. उठून बसलं की कळायचं नाही. हाताने दाबलं तरी कळायचं नाही. आई जिथे रोज वळायची, नेमकं तिथेच.

धाकटी उठली नाही. कुशीवरूनच तिने हात मागे नेला, ती जागा बोटाने शोधली आणि बोट तिथे घट्ट दाबून धरलं, हरवू नये म्हणून.

"बाबा," ती म्हणाली, "कात्री."

चाळीस वर्षं ज्यांच्या पसरलेल्या हातात दुसऱ्यांनी कात्री ठेवली, ते बाबा खुर्चीतून उठले, क्षणभर कुठल्या कप्प्यात बघावं ते न कळून खोलीच्या मधोमध उभे राहिले, आणि मग कात्री शोधायला गेले.